सात मीटरचं घर

(१९९९ च्या दहावीच्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात धरमपेठ, नागपूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू जर्मनीत असतेस, सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर आर्टिफिशियल इंटेलिजन्सवर बोल." मी म्हटलं, त्या विषयावर आपल्या ग्रुपवर रोज सकाळी सहापासून व्याख्यानं सुरू असतात, त्यात माझी भर नको. मी गाडीवर बोलते.

यंदा मे महिन्यात आम्ही एक मोटरहोम भाड्याने घेतलं आणि जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली असे १४ रात्री त्यात राहिलो. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा, आमची १३ वर्षांची मुलगी आणि ७३ वर्षांची माझी आई. आई आज समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिच्याबद्दल जे सांगणार आहे ते तिला विचारून सांगते आहे. "सांग, पण लांबवू नको," एवढी एकच अट तिने घातली आहे.

मोटरहोम म्हणजे मालवाहू गाडीच्या सांगाड्यावर बांधलेलं एका खोलीचं घर. आमचं होतं ७ मीटर लांब, २.३ मीटर रुंद आणि जवळपास ३ मीटर उंच. पुढे चालकाची जागा, मग टेबल आणि बाकडी, दोन बर्नरची शेगडी, फ्रिज, कपाटाएवढं न्हाणीघर, त्यातच संडास. मागे एक पलंग, आणि दुसरा पलंग रात्री छतातून खाली उतरायचा. दहावीनंतर लुनावर बसून ट्यूशनला जाणारी मी एवढं धूड चालवते, याचं आईला पहिले दोन दिवस फार कौतुक आणि त्याहून जास्त भय. समोर पूल दिसला की ती मान खाली घालायची. मी तिला सांगायची, "आई, हा लोहापूल नाही, याच्याखालून आपण जाऊ." तरी ती मान घालायचीच.

आता आम्ही मोटरहोमच का घेतलं ते सांगते. आई आमच्याकडे तीनदा येऊन गेली होती. तिन्ही वेळा तिने जर्मनी पाहिली ती आमच्या गॅलरीतून आणि घरासमोरच्या बागेतून. बाहेर निघायचं म्हटलं की कधी गुडघा दुखायचा, कधी एकादशी निघायची, कधी नुसतं "तुम्ही जाऊन या, मी वरणफळं करून ठेवते". खरं कारण तिने फार उशिरा सांगितलं. तिला दर तासाला लघवीला जावं लागतं, आणि कधी कधी तेवढाही दम निघत नाही. औषध चालू आहे, पण वयाचं दुखणं आहे, ते थोडं कमी होतं, जात नाही. टूरच्या बसमध्ये ४० माणसांसमोर उठून "गाडी थांबवा" म्हणणं तिला शक्य नव्हतं. म्हणून तिने फिरणंच सोडलं होतं. इथे नागपुरातही लग्नाला जायचं तर ती आदल्या रात्रीपासून पाणी तोडायची. बाबा गेल्यावर लोक म्हणत, ती एकटी पडली म्हणून बाहेर पडत नाही. कारण त्याहून साधं होतं, आणि साधं होतं म्हणूनच सांगता येत नव्हतं.

हे कळलं त्या रात्री नवरा म्हणाला, "मग संडासच बरोबर घेऊन जाऊ." आमच्या सहलीचा उगम हा असा आहे. आल्प्स वगैरे नंतर आले.

गंमत अशी की जर्मनीतल्या फिरत्या घराची सुरुवातही घरच्या माणसाला बरोबर नेण्यातूनच झाली. दक्षिण जर्मनीत इस्नी नावाचं छोटं गाव आहे. तिथे डेथलेफ्स नावाचं घराणं चाबूक बनवायचं, पुढे स्कीच्या काठ्याही. अरिस्ट डेथलेफ्स यांना मालाच्या विक्रीसाठी सतत फिरावं लागे. त्यांची होणारी पत्नी फ्रिडेल एडेलमान चित्रकार होती. तिला त्यांच्याबरोबर राहायचं होतं आणि चित्रंही काढायची होती. म्हणून १९३१ साली त्यांनी मोटारीमागे जोडायची एक खोली बांधली आणि तिला नाव दिलं 'राहायची गाडी'. हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "यात नवीन काय? आमच्याकडे दमणी होती." विदर्भाबाहेर वाढलेल्या मुलांसाठी सांगते, दमणी म्हणजे वर छप्पर घातलेली बैलगाडी. आई लहानपणी दमणीत बसून त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला जायची. खाली गवत, वर सतरंजी, शिदोरी, पाण्याचा घडा आणि बैलांसाठी कडबा. म्हणजे राहणं आणि जाणं एकत्रच. आणि चाबूक तर होताच.

आता रोजचं सांगते. पहिला धडा वजनाचा. कारच्या नेहमीच्या लायसन्सवर ३.५ टनांपर्यंतची गाडी चालवता येते. आमची गाडी रिकामीच ३ टनांच्या आसपास होती. उरले ५०० किलो. त्यात चार माणसं, कपडे, भांडी, दोन सायकली आणि पाणी. पाणी १०० लिटर म्हणजे १०० किलो. मग आईची बॅग उघडली. ३ लिटरचा कुकर, पोळपाट-लाटणं, कणीक, पोहे, सांडगे, कुरड्या, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि संत्राबर्फीचे चार डबे. ऑस्ट्रियात पोलीस अशा गाड्या थांबवून काट्यावर चढवतात आणि जास्त भरली असेल तर दंड करतात. नवरा कॅल्क्युलेटर घेऊन बसला. आई म्हणाली, "जावईबापू, वजन कमी करायचं तर तुमचे बूट काढा, चार जोड दिसतात." बूट उतरले, कुकर राहिला.

आणि बरं झालं राहिला. आम्ही १८ मेला, शनिवारी, निघालो. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि त्यानंतर पेंटेकॉस्टचा सोमवार. जर्मनीत रविवारी आणि सणाला दुकानं बंद म्हणजे बंद. आपल्यासारखं अर्धं शटर वर करून हळूच दूध देणारा कोणी नसतो. कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी, जिथून जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड तिन्ही देशांचे किनारे आहेत, तिथे आम्ही दोन दिवस पोह्यांवर आणि पिठल्यावर काढले. तर्री नव्हती, पण समोर तीन देशांचं पाणी होतं.

दुसरा धडा पाण्याचा. जर्मनीत घरी माणशी रोज १२० लिटरांच्या आसपास पाणी वापरलं जातं. गाडीत आम्ही चौघांनी मिळून १०० लिटर दीड दिवस पुरवलं. मुलीला पहिल्यांदा हे कळलं की अंघोळ लिटरमध्ये मोजता येते. आईला काही शिकवावं लागलं नाही. भांडी एका घमेल्यात घासायची, दुसऱ्यात खंगाळायची, तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना. आणि टाकी भरताना पाईप धरून उभं राहण्याचं काम मी स्वतःकडे घेतलं. मे महिन्यात रोज संध्याकाळी कूलरच्या टाकीत पाईप सोडून उभं राहिलेली आपण नागपूरची माणसं, टाकी ओसंडायच्या आधीचा आवाज आपल्याला कानाने कळतो. वापरलेलं पाणीही कुठेही सोडता येत नाही. ते गाडीखालच्या दुसऱ्या टाकीत साठतं आणि ठरलेल्या जाळीवरच सोडावं लागतं. घरी नळ सोडला की पाणी येतं आणि मोरीतून जातं. कुठून येतं, कुठे जातं, हे विचारायची वेळ येत नाही. गाडीत दोन्ही टोकं आपल्या हातात असतात.

तिसरा धडा विजेचा. मुक्कामाच्या जागी निळ्या प्लगची वायर जोडली की वीज मिळते. पण किती? एका ठिकाणी फक्त ६ अँपिअर. इथे भौतिकशास्त्राचे सर बसले आहेत म्हणून गणित तोंडी करते. ६ गुणिले २३० म्हणजे १३८० वॅट. आमची चहाची किटली २००० वॅटची. बटण दाबलं की फ्यूज गेलाच. मग मुलीने वहीच्या पानावर तक्ता केला, की कशाबरोबर काय चालेल आणि काय चालणार नाही, आणि तो फ्रिजवर चिकटवला. मी वीस वर्षं संगणकाची मेमरी कोणत्या कामाला किती द्यायची हेच करते, पण माझं काम तिला पहिल्यांदा त्या दिवशी समजलं.

चौथा धडा पाणसळीचा. गवंड्याकडे असते ती पाणसळ. या गाडीतला फ्रिज बॅटरीवर, विजेवर आणि गॅसवर अशा तिन्हींवर चालतो. गॅसवर म्हणजे ज्योतीने गार करतो. त्यात कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण तापवतात, अमोनिया वेगळा होतो, थंड होऊन पुन्हा पातळ होतो आणि त्याचं बाष्प होताना आतली उष्णता ओढून घेतो. हे सगळं उतारावर वाहणाऱ्या द्रवाच्या भरवशावर चालतं, त्यामुळे गाडी तिरकी उभी असेल तर फ्रिज नीट गार होत नाही. म्हणून दर मुक्कामी पाणसळ ठेवायची, चाकाखाली पाचरी सारायच्या, गाडी पुढे-मागे करायची. आईची पाणसळ वेगळी होती. ती ताटात वरण वाढायची आणि ते कोणत्या बाजूला जातं ते बघून सांगायची, "डावीकडून उचल."

आता चढ-उतार म्हणाल तर ते रस्त्याला होते त्याहून घरात जास्त. ब्रेनर खिंड मी फार घाबरून चढले. वर गेल्यावर पाटी पाहिली, उंची साधारण १३७० मीटर, म्हणजे आपल्या चिखलदऱ्यापेक्षा जेमतेम अडीचशे मीटर जास्त. रस्ता इतका रुंद आणि संथ की आई झोपून गेली होती. पण पाचव्या दिवशी मुलीचं आणि माझं मोबाइलवरून वाजलं, तेव्हा कळलं की या घरात रुसायला खोली नाही. दार आपटावं तर ते न्हाणीघराचं, आणि तिथे बसून राहिलं तर बाकी तिघांची अडचण. शेवटी ती खाली उतरली आणि मुक्कामाच्या जागेला रागाने चार फेऱ्या मारून आली. पाचव्या फेरीला आजी तिच्याबरोबर गेली. दोघींचं काय बोलणं झालं ते मला आजवर कळलेलं नाही. परत आल्या तेव्हा दोघींच्या हातात आइस्क्रीम होतं.

गार्डा सरोवरावर चार दिवस होतो. तिथे दुपारी दक्षिणेकडून वारा सुटतो, त्याला तिथले लोक 'ओरा' म्हणतात. शिडाच्या होड्या चालवणारे त्याची वाट बघत असतात. आम्ही गाडीच्या बाजूची कापडी कनात उघडून खाली भाजी चिरत बसलो होतो आणि ओरा आला. कनात पतंगासारखी वर. आम्ही दोघं एकेक दांडी धरून लोंबकळतो आहोत, तेवढ्यात शेजारच्या तीन गाड्यांतून पाच माणसं धावत आली. कोणाची भाषा कोणाला येत नव्हती. दोन मिनिटांत कनात गुंडाळून झाली. आईने सगळ्यांना चहा आणि संत्राबर्फी दिली. शेजारच्या डच आजी आणि आमची आई त्यानंतर रोज संध्याकाळी तासभर बोलत बसायच्या. एक डचमध्ये, एक मराठीत. गुडघा, नातवंडं आणि बटाट्याची भाजी एवढे विषय झाले, असं आई म्हणते.

परतीला पावसाने गाठलं. तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल, मे महिन्याच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला दक्षिण जर्मनीत मोठे पूर आले. आम्ही सुदैवाने उंचावरच्या एका खेड्यात होतो. पण दोन दिवस रात्रंदिवस छतावर पाऊस, काचांवर वाफ, ओल्या टॉवेलांचा वास आणि चार माणसं २.३ मीटर रुंदीत. निघायच्या सकाळी चाकं गवतात रुतली. एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणून ओढून काढलं. पैसे घेईना. आईने शेंगदाण्याची चटणी दिली. त्याने ती तिथेच बोटाने चाखली आणि मग बराच वेळ काही बोलला नाही.

आता मुद्द्यावर येते, कारण आई घड्याळ बघते आहे.

गाडीतल्या संडासाखाली एक डबा असतो, त्याला कॅसेट म्हणतात. त्यात जेमतेम २० लिटर मावतं. चौघांत तो दोन दिवसांत भरतो. बाहेरच्या बाजूने एक छोटं दार उघडून तो ओढून काढायचा, त्याला चाकं आणि दांडा असतो, प्रवासी बॅगेसारखा तो ओढत न्यायचा आणि ठरलेल्या जागी रिकामा करून धुऊन आणायचा. हे कोणी तरी करायचं असतं. आणि 'कोणी तरी' म्हणजे गाडीतलंच कोणी तरी.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं की आईने पाण्याचा घोट घेतलेला नाही. संडास दोन पावलांवर, आणि तरी ती पाणी तोडून बसलेली. मी विचारलं, आता काय? बसमधली ४० माणसं इथे नाहीत. ती म्हणाली, "तो डबा कोण उचलणार?" मी म्हटलं, आम्ही. ती म्हणाली, "जावयाने सासूचा संडास उचलायचा? हे पाप मी कुठे फेडू?" नवऱ्याने समजावलं, मी समजावलं, नातीने समजावलं. ज्या घरात जावयाला पाट मांडून पहिलं ताट वाढलं जातं, त्या घरात ७३ वर्षं काढलेल्या बाईला हे पटणार कसं? संध्याकाळी तिचं डोकं दुखायला लागलं. मला वाटलं, सहल इथेच संपली.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीप्रमाणे साडेपाचला उठली आणि फेरी मारायला खाली उतरली. तासाभराने परत आली आणि मला हलवून उठवलं. म्हणाली, "चल, दाखवते." डबे रिकामे करायच्या जागी रांग लागली होती. पाच-सहा माणसं, कोणी झोपायच्या कपड्यांत, कोणी नीट भांग पाडून, प्रत्येकाच्या हातात आपापला डबा. एकमेकांना सुप्रभात म्हणत होते, हवेबद्दल बोलत होते. तिसरे उभे होते ते आमचे शेजारी, ऐंशीच्या घरातले. आदल्या संध्याकाळी ओळख झाली तेव्हा ते निवृत्त डॉक्टर आहेत हे आईला कळलं होतं. त्यांनी आईला बघून हात वर केला, दुसऱ्या हातात डबा होता.

आई मला म्हणाली, "डॉक्टर स्वतः?" मी म्हटलं, हो. "त्यांच्याकडे माणूस नाही?" मी म्हटलं, आई, इथे या कामाला कोणाकडेच माणूस नाही.

ती गाडीत येऊन थोडा वेळ गप्प बसली. मग स्टीलचा पेला काढला, नळाखाली भरला आणि उभ्या उभ्या प्याली. मग दुसरा भरला.

त्यानंतरचे तेरा दिवस ती आमच्याबरोबर सगळीकडे फिरली. आम्ही डब्याची पाळी लावली. नवरा, मी आणि मुलगी. मुलीने पहिल्या पाळीला नाक दाबून सगळ्या युरोपला ऐकू जाईल असा "ईऽऽ" केला, दुसऱ्या पाळीला हातमोजे घालून मुकाट्याने गेली.

हे ऐकून "तिकडचे लोक किती थोर" असं कोणी म्हणू नका. तिकडे डबा बंद असतो, जागोजागी नळ आणि गटाराची जाळी असते, हातमोजे असतात, म्हणून ते काम सोपं आहे. आणि हमरस्त्यावरच्या सार्वजनिक संडासांत साफसफाई करताना मला दिसली ती बहुतेक माणसं परदेशांतून पोटासाठी आलेलीच होती. पण मोटरहोमच्या रांगेत डॉक्टर आणि ड्रायव्हर एकामागे एक उभे असतात एवढं मात्र खरं. आपल्याकडे हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली आणखी कडक कायदा झाला. इथून जेमतेम ८० किलोमीटरवर सेवाग्रामला आश्रमातली माणसं हे काम आळीपाळीने स्वतः करायची, हे आपण पुस्तकात वाचलं आणि परीक्षेत लिहिलंही. गाडगेबाबा तर आपल्या विदर्भातलेच. आपल्याला माहीत नव्हतं असं नाही. पाळी आपल्यापर्यंत आली नव्हती, एवढंच.

तुमच्यापैकी काही जण जायचं म्हणत होते, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. मोटरहोम स्वस्त पडतं असं समजू नका. आम्हाला भाडं दिवसाला १३० युरो पडलं. १४०० किलोमीटरला साधारण १५५ लिटर डिझेल लागलं. मुक्कामाला खेड्यातल्या वाहनतळावर रात्रीचे १५ युरो, गार्डावर सरोवराकाठी ५०. म्हणजे साध्या हॉटेलाएवढाच खर्च. फायदा पैशांत नाही, स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात आहे. भारतातून जाणार असाल तर आपल्या लायसन्सबरोबर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो एका वर्षाचा असतो. गाडी ताब्यात घेताना घाई करू नका, टाक्या, गॅस, फ्यूज सगळं स्वतः उघडून बघा आणि फोटो काढा. इटलीतल्या जुन्या शहरांच्या आत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरे लावलेले असतात. गाडी बाहेर ठेवून बसने जा. आणि गाडीची उंची कागदावर लिहून समोरच्या काचेजवळ चिकटवा.

महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पेंच, ताडोबा, चिखलदरा, लोणार असा रस्ता डोळ्यांपुढे आणा, किती छान होईल. पण गाडी हा त्यातला सोपा भाग आहे. जर्मनीत लहान लहान खेड्यांनी गावाच्या कडेला दहा गाड्यांची जागा करून ठेवलेली असते. तिथे यंत्रात एक युरोचं नाणं टाकलं की पाणी मिळतं, शेजारी घाण सोडायची जाळी असते आणि ती स्वच्छ असते. ती जाळी आहे म्हणून माझी आई इटलीपर्यंत जाऊ शकली. इंजिनाने तिला नेलं नाही.

आणि म्हणून शेवटचं बोलते ते शाळेबद्दल. मैत्रिणींनो, तुम्हाला आठवत असेल, शाळेत आपण दिवसभर पाणी पीत नव्हतो. सकाळी घरून निघताना जायचं ते थेट घरी येऊनच. डबा खाताना दोन घोट. कोणी आपल्याला सांगितलं नव्हतं, एकमेकींकडे बघून शिकलो. पाणी तोडणं हे माझी आई ७३ व्या वर्षी करत होती, आपण तेराव्या वर्षी करत होतो. त्या काळी बहुतेक शाळांत असंच होतं. आज माझी मुलगी तेरा वर्षांची आहे आणि तिच्या दप्तरात पाण्याची बाटली असते, ती रोज रिकामी होऊन घरी येते.

आपल्या तुकडीने शाळेला काय भेट द्यायची यावर ग्रुपवर महिनाभर चर्चा चालली आहे. घड्याळ, पाण्याचा कूलर, रंगमंचाचा पडदा, सगळ्यांच्या नावांची संगमरवरी पाटी. माझी सूचना अशी आहे. जमलेल्या निधीतून मुलींच्या स्वच्छतागृहाचं काम करू. दारांना नीट कड्या, आत नळ, वर टाकी, झाकणाची कचरापेटी. आणि बांधून मोकळं न होता, ते रोज साफ राहावं यासाठी दहा वर्षांची तरतूद करू. जी व्यक्ती ते काम करेल तिला पुरेसा पगार, हातमोजे, गमबूट आणि साधनं मिळतील अशी. पाटी लावायची असेल तर तिचं नाव लावा, आपली नावं हजेरीपटात आहेतच. आणि वर्षातून एकदा, मेळाव्याच्या सकाळी, ते काम आपण स्वतः करू. पाळी लावायला माझी मुलगी तक्ता करून देईल, तिचा हात बसला आहे.

किती खर्च येईल ते मी गेल्या आठवड्यात दोन कंत्राटदारांना विचारून एका कागदावर मांडलं आहे. जेवणाच्या वेळी तो टेबलावर ठेवते. ज्यांना पटेल त्यांनी नाव आणि रक्कम लिहावी, ज्यांना शंका असतील त्यांनी शंका लिहाव्यात. सर आणि बाई, तुम्हाला शाळेची आतली व्यवस्था आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, तेव्हा काय जमेल आणि काय नाही हे तुम्ही आम्हाला स्पष्ट सांगा.

माझं बोलणं संपलं. आईने दिलेल्या वेळेपेक्षा चार मिनिटं जास्त घेतली.